पत्ता मरिनचा हवा

कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या नोवाटो गावाबाहेरच्या टेकडीवर बक इन्स्टिट्यूट उभी आहे. इमारतीचा आराखडा आय. एम. पेई यांचा. १९९९ साली तिथे काम सुरू झाले. आत म्हातारपणावर संशोधन चालते. पेशी का थकतात, आठवण का विरते, आयुष्याची शेवटची वर्षे धडधाकट कशी जातील, याचा तिथे शोध घेतला जातो. काम मोलाचे आहे. त्याचा फायदा उद्या ओकलंडला होईल, ओसाकाला होईल, आपल्या ओतूरलाही होईल.

ही संस्था ज्या निधीच्या बळावर उभी राहिली, तो निधी एका विधवेने मरिन काउंटीसाठी ठेवलेला होता. तिथल्या गरजूंची सोय आणि तिथलीच धर्मादाय, धार्मिक किंवा शैक्षणिक कामे यांसाठी. सॅन फ्रान्सिस्को खाडीपलीकडच्या ओकलंडमधल्या गरजूला यातला एक डॉलरही देता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने १९८६ साली दिला. त्याच प्रकरणात, त्याच न्यायालयाच्या आदेशातून, या संशोधनसंस्थेची वाट मोकळी झाली. संशोधनाचे फळ खाडी ओलांडून जगभर जावे, याला कोणाची हरकत नव्हती. ते जगभर जावे हीच तर अपेक्षा होती. ओकलंडच्या दवाखान्याचे बिल मात्र त्या निधीतून भरता येणार नव्हते. प्रयोगशाळेचा पत्ता मरिनचा होता आणि दवाखान्याचा नव्हता.

एखाद्या परिसरासाठी अनेकांच्या देणग्या एकत्र सांभाळणाऱ्या संस्थांच्या, म्हणजे कम्युनिटी फाउंडेशनांच्या, शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात देणग्यांच्या याद्या पुष्कळ आहेत. कोणत्या शाळेला किती, कोणत्या अनाथाश्रमाला किती. त्या याद्यांपेक्षा मला हा पत्त्याचा मुद्दा जास्त बोलका वाटतो. स्थानिक निधी उभारणारे लोक जगभर एक ओळ सहज लिहून जातात: हा पैसा फक्त आमच्या गावासाठी. त्या ओळीचे पुढे काय होऊ शकते, ते मरिनमध्ये दिसले.

बेरिल बक १९७५ साली वारल्या. मरिनमधल्या रॉस या टुमदार गावात त्या राहत. नवरा डॉक्टर होता, तो बावीस वर्षे आधीच गेलेला. मूलबाळ नव्हते. मालमत्तेच्या उत्पन्नाचे वाटप त्यांनी सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनकडे सोपवले. हे कम्युनिटी फाउंडेशन १९४८ सालचे. खाडीभोवतीच्या पाच काउंट्या हे त्याचे कार्यक्षेत्र, आणि मरिन त्यातलीच एक. मृत्युपत्रात मात्र या पैशापुरते मरिनचे कुंपण घातलेले होते. तेव्हा हा ऐवज सुमारे १ कोटी डॉलरचा मानला गेला. एवढ्या रकमेचे उत्पन्न एका काउंटीत सहज खपले असते. कोणालाच काही खटकले नाही.

ऐवजात मुख्य भाग बेलरिज ऑइल या कंपनीच्या शेअरांचा होता. १९७९ साली शेलने ती कंपनी ३६५ कोटी डॉलर मोजून विकत घेतली. बकबाईंच्या १ कोटीचे एका व्यवहारात २५ कोटींवर गेले, आणि पुढच्या वर्षांत त्यात भरच पडत राहिली. मृत्युपत्रावर सही करताना बाईंच्या मनात जी रक्कम होती, तिच्याशी या रकमेचे नाते उरले नव्हते. सहीही तीच आणि अटही तीच.

हा पैसा कुठून आला, हे पाहायला हवे. बेलरिजच्या तेलविहिरी कर्न काउंटीतल्या. मरिनपासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. कोरडा, उन्हाने भाजणारा मुलूख. एकीकडे तेलाच्या पंपांच्या रांगा, दुसरीकडे द्राक्षांचे आणि कापसाचे मळे. द्राक्षमजुरांचा १९६५ सालचा प्रसिद्ध संप ज्या डेलॅनो गावातून उभा राहिला, ते गाव याच कर्न काउंटीत. कंपनी काढणाऱ्यांपैकी एक होते बेरिल यांचे सासरे फ्रँक बक. ते व्हॅकाव्हिलचे फळबागायतदार. म्हणजे तेही मरिनचे नव्हेत. भाव चढला तो इराणातल्या उलथापालथीनंतर जगभर तेल कडाडले म्हणून. तेल कर्नचे, मेहनत कर्नची, भाव जगाच्या बाजाराचा. यात मरिनचा संबंध इतकाच, की शेअर ज्यांच्या नावावर होते त्या बाई तिथे राहत होत्या.

मालकाने आपला पैसा कुठे ठेवावा हा त्याचा हक्क आहे. तो मी नाकारत नाही. पण मरिनचा पैसा मरिनमध्येच राहावा, अशी बाजू जेव्हा तिथली काउंटी न्यायालयात मांडते, तेव्हा त्या पैशाला मरिनचा म्हणण्याइतके मरिनने त्यासाठी काय केले होते, असे विचारावेच लागते.

दुसरी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. धर्मादाय कामासाठी ठेवलेल्या वारशावर अमेरिकेत वारसाकर लागत नाही. ही सूट सरकार देते, म्हणजे सगळे करदाते देतात. त्यात ओकलंडचा बसचालक आला, रिचमंडची परिचारिका आली आणि कर्नचा मळेकरीही आला. एखादा निधी करमुक्त होतो तेव्हा त्याच्यासाठी सगळ्या देशाने थोडी पदरमोड केलेली असते. मग त्याच्यावर पूर्ण हक्क फक्त एका काउंटीचा कसा?

१९८४ साली सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनने न्यायालयात अर्ज केला. मागणी साधी होती. मरिनला मिळायचे ते मिळू द्या, पण उत्पन्नाचा काही भाग शेजारच्या चार काउंट्यांतही खर्च करू द्या. आपली संपत्ती एवढी वाढणार आहे हे बाईंना ठाऊक असते, तर त्यांनीही हेच केले असते, असा युक्तिवाद होता. मरिन ही अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांपैकी एक. १९८०च्या जनगणनेत तिची वस्ती सव्वादोन लाखांच्या आत. खाडीपलीकडच्या एकट्या अलामीडा काउंटीची वस्ती अकरा लाख, आणि ओकलंड शहर तिच्यातच येते. जास्त माणसे आणि जास्त गरज पलीकडे होती. पैसा अलीकडे होता.

मरिन काउंटीने कडाडून विरोध केला. राज्याचे महाधिवक्तेही विरोधात उभे राहिले. शेजारच्या काउंट्यांतल्या संस्था आणि माणसे आपली बाजू मांडायला आली. १९८६ साली काही महिने सुनावणी चालली. शेवटी फाउंडेशनने हात टेकले आणि वाटपाची जबाबदारी सोडून दिली. न्यायाधीश होमर थॉम्प्सन यांनी अर्ज फेटाळला. निधी सांभाळायला मरिन कम्युनिटी फाउंडेशन ही नवी संस्था उभी राहिली.

न्यायाधीशांचे म्हणणे कच्चे नव्हते. देणगीदाराची इच्छा बेकायदा ठरली, पुरी करणे अशक्य झाले किंवा व्यवहारात जमेनासे झाले, तरच तिला हात लावता येतो. पैसा दुसरीकडे जास्त उपयोगी पडेल, एवढ्यावर मृत्युपत्र बदलता येत नाही. मरिनमध्ये पैसा खर्च करणे अशक्य झालेले नव्हते. कोणाची गरज मोठी आणि कोणाची धाकटी हे न्यायालयाने तोलत बसू नये. आज ओकलंडसाठी एक मृत्युपत्र मोडले, तर उद्या कोणीही उठून म्हणेल की माझ्या गावाची गरज त्याहून मोठी आहे. मग कोणता देणगीदार विश्वासाने पैसा ठेवील?

हे म्हणणे मला पटते. निदान अर्धे तरी. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणून त्या बाजूची काळजी न्यायालयाने घेतली पाहिजे. आणि सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनने अट माहीत असताना जबाबदारी घेतली होती. रक्कम वाढल्यावर ती अट त्यांना जाचू लागली, हे काही शोभणारे नव्हते. पहिल्याच दिवशी, १ कोटीच्या वेळी, त्यांनी हा प्रश्न काढला असता तर त्यांच्या शब्दाला जास्त वजन आले असते.

पण नोवाटोची टेकडी आड येते.

प्रकरण मिटवताना न्यायालयाच्या आदेशातून एक व्यवस्था झाली. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मोठ्या प्रकल्पांसाठी बाजूला काढायचा. हे प्रकल्प मरिनमध्ये असावेत, पण त्यांचे महत्त्व देशभर किंवा जगभर असावे. त्यातून तीन संस्था आल्या. वार्धक्यावरच्या संशोधनाची ही एक. दारू आणि इतर व्यसनांच्या प्रतिबंधावर काम करणारी एक. शिक्षणाची एक.

ही व्यवस्था काय कबूल करते ते पाहा. मरिनच्या गरजूंना, मरिनच्या शाळांना, मरिनच्या दवाखान्यांना पुरून उरेल इतका पैसा आहे, हे ती कबूल करते. नाहीतर पाचवा हिस्सा बाजूला काढता आला नसता. या पैशाचा फायदा मरिनबाहेरच्या माणसाला झाला तर बाईंच्या इच्छेचा भंग होत नाही, हेही ती कबूल करते. एवढेच नाही, फायदा बाहेर गेलाच पाहिजे असे ती सांगते. मग ओकलंडच्या मागणीला नाही म्हणताना नेमके काय राखले गेले? बाईंना म्हाताऱ्या उंदरांवरचे प्रयोग हवे होते आणि ओकलंडच्या मुलांच्या दातांवरचे उपचार नको होते, असा पुरावा कोणी दिला नव्हता. गरजा तोलणे हे न्यायालयाचे काम नाही, हे मान्य. पण ओकलंडची रोजची गरज आणि जगाच्या म्हातारपणाचा अभ्यास, यांतली निवड शेवटी झालीच. पहिल्या गोष्टीचा फायदा बाहेर जातो म्हणून ती नाकारली. दुसरीचाही फायदा बाहेर जातो, आणि ती स्वीकारली.

कायद्याचा माणूस म्हणेल, खर्च मरिनमध्ये होतो, मृत्युपत्रात तेवढेच लिहिले आहे. बरोबर आहे. पण मरिनमध्ये खर्च होतो म्हणजे काय होते? जमीन मरिनची घेतली जाते. बांधकाम मरिनमध्ये उभे राहते. शास्त्रज्ञाचा पगार मरिनच्या खात्यातून निघतो. यात गरजू कुठे आहे? मृत्युपत्रात गरजूंचे नाव आधी आले होते. निकालानंतरच्या व्यवस्थेत काउंटीची हद्द शाबूत राहिली आणि गरजू मागे सरला. हा माझा आक्षेप आहे. संशोधनसंस्थेवर माझा काही राग नाही. ती असावी, वाढावी. पण जिथे हद्द इतकी ताणता येते, तिथे ती एका बाजूलाच का ताणली गेली, हे विचारलेच पाहिजे.

मरिनमध्ये गरजू नाहीत असे नाही. सॉसालिटोजवळ मरिन सिटी नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे जहाजबांधणीचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि कामगारांसाठी ही वस्ती बांधली. काळे आणि गोरे तेव्हा तिथे शेजारी राहत. युद्ध संपले, कारखाना बंद झाला. गोऱ्या कुटुंबांनी काउंटीत इतरत्र घरे घेतली. काळ्यांना ती घेता येईनात. घरांच्या खरेदीखतांतच वर्णाच्या अटी होत्या आणि बँका कर्ज देत नव्हत्या. सॅन राफेलमध्ये कॅनॉल नावाची वस्ती आहे. मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबे तिथे दाटीवाटीने राहतात. बक निधीचा पैसा या वस्त्यांपर्यंत पोचतो, आणि पोचायलाच हवा. त्यावर वाद नाही.

पण मरिनच्या गरिबांचा मोठा भाग मरिनमध्ये राहतच नाही. तो तिथे फक्त कामाला येतो.

खाडीपलीकडच्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीतल्या रिचमंडहून सॅन राफेलला जाणारा पूल १९५६ साली खुला झाला. सकाळी त्यावर मरिनकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. स्वयंपाकी, माळी, घरकाम करणाऱ्या बायका, गवंडी. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका. त्यांतली एक डोळ्यांपुढे आणा. दिवसभर ती मरिनच्या एका आजींना उठवते, आंघोळ घालते, वेळेवर गोळ्या देते, जेवू घालते. संध्याकाळी पूल ओलांडून रिचमंडला परत जाते, कारण मरिनमधले घरभाडे तिच्या पगारात बसत नाही. तिच्या मुलाला दमा असेल तर तो रिचमंडच्या दवाखान्यात जाणार. त्या दवाखान्याला बक निधीतून काही मिळणार नाही. तिचे श्रम मरिनमध्ये होतात. तिची गरज मात्र कॉन्ट्रा कोस्टा काउंटीत मोजली जाते. ती ज्या आजींना आंघोळ घालते त्यांच्या म्हातारपणावर नोवाटोला संशोधन होईल, आणि ते मृत्युपत्राच्या अटीत बसेल.

हे आपोआप झालेले नाही. मरिनने आपल्या टेकड्या, कुरणे, किनारे जपले. बहुतेक जमीन उद्याने आणि शेतीसाठी राखली. ते निसर्गासाठी चांगलेच झाले. पण उरलेल्या जमिनीवर परवडणारी घरे बांधायची वेळ आली की विरोध होतो, आणि तो वर्षानुवर्षे होत आला आहे. खाडीभोवतीच्या बार्ट रेल्वेच्या योजनेतून मरिन १९६२ साली बाहेर पडली. त्यामागे कराच्या बोजाची आणि सॅन फ्रान्सिस्कोहून येणाऱ्या पुलाच्या ताकदीची कारणेही होती. पण आजही ती रेल्वे मरिनमध्ये येत नाही. आधी हद्दीने गरीब बाहेर ठेवले. मग हद्दीत गरीब कमी आहेत म्हणून पैसा पुरून उरला. उरलेला पैसा बाहेरच्या गरिबांना देता येईना, कारण ते हद्दीबाहेर राहतात. ज्या न्यायालयाने गरजा तोलायला नकार दिला, त्याने हद्दीचा हा इतिहास मात्र जसाच्या तसा मान्य केला.

या खटल्याच्या सत्तर वर्षे आधी क्लीव्हलंडच्या एका बँकेच्या अध्यक्षाला नेमकी हीच भीती वाटली होती. फ्रेडरिक गॉफ त्याचे नाव. श्रीमंत माणसे मृत्युपत्रात बारीक अटी घालून जातात, काळ बदलतो, अटी निरर्थक होतात आणि पैसा तिजोरीत कुजतो, हे तो रोज पाहत होता. म्हणून २ जानेवारी १९१४ रोजी त्याने क्लीव्हलंड फाउंडेशन काढले. जगातले पहिले कम्युनिटी फाउंडेशन. कल्पना सोपी होती. अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र ठेवायचा. वाटप जिवंत माणसांच्या समितीने करायचे. समितीत काही माणसे बँकेने नेमलेली, काही लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीशांनी नेमलेली. एखादा हेतू कालबाह्य झाला तर समितीने तो बदलायचा.

वाटायला पुरेसा पैसा जमण्याआधी त्या फाउंडेशनने काय केले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. शहराच्या शाळांची पाहणी केली. कोणत्या शाळेत काय कमी आहे, मुले शाळा का सोडतात, शिक्षक कसे शिकवतात. पाहणीचे पंचवीस खंड निघाले. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातल्या फौजदारी न्यायव्यवस्थेचीही पाहणी झाली. रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्यासारखे कायदेपंडित त्या कामाला होते. पैसा कुठे जावा हे ठरवण्याआधी गरज कुठे आहे ते शोधा, असा तो क्रम होता. मरिनच्या प्रकरणात हा क्रम उलटा झाला. जागा आधी ठरली होती आणि तिथे गरज शोधायची होती. ती पुरेशी सापडेना तेव्हा तिथे बसेल असा मोठा प्रकल्प शोधला गेला.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत कॅलिफोर्नियापेक्षा उदार आहे, हे सांगायला हवे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०चा. त्याचे कलम ५५ मूळ उद्देश फसला तर लागू होतेच. पण उत्पन्न वापरले जात नसेल किंवा जाण्याची शक्यता नसेल, तरीही लागू होते. धार्मिक नसलेल्या विश्वस्तनिधीचा मूळ हेतू जसाच्या तसा पाळणे लोकहिताचे उरले नसेल, तरीही लागू होते. धर्मादाय आयुक्त अशा वेळी विश्वस्तांना न्यायालयाकडे जायला सांगू शकतात. लोकहित आणि शिल्लक पैसा ही दोन कारणे आपल्या कायद्यात लिहिलेली आहेत. बकबाईंचा निधी महाराष्ट्रात असता, तर ओकलंडच्या बाजूने निदान धड वाद घालता आला असता.

कायद्यात दार आहे. ते वापरायची इच्छा मात्र विश्वस्तांकडे फारशी दिसत नाही. पुण्यामुंबईच्या कडेला जुन्या विश्वस्तनिधींच्या जमिनी आहेत. पन्नास वर्षांपूर्वी तिथे गवत होते, आज रस्ता, मेट्रो आणि मनोरे आहेत. जमिनीची किंमत वाढली ती शहरामुळे, म्हणजे सगळ्यांच्या करातून झालेल्या रस्त्यापाण्यामुळे. विश्वस्तपत्रात मात्र एका ज्ञातीतली मुले, एका पेठेतल्या विधवा, एका गावातली शाळा एवढेच लिहिलेले असते. बेलरिजच्या शेअरांचे झाले तेच इथे जमिनीचे होते. परदेशात स्थिरावलेली मंडळी गावाच्या नावाने निधी काढतात तेव्हाही तीच ओळ लिहितात. गावावरचे प्रेम खरे असते. पण गाव उद्या शहरात विरून गेले, तिथली मराठी शाळा पटाअभावी बंद झाली आणि व्याज साठत राहिले, तर काय करायचे हे त्यात लिहिलेले नसते.

ते आजच लिहिता येते. निधीचे उत्पन्न ठरावीक रकमेपलीकडे गेले, तर वरचा भाग शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जाईल, असे एक वाक्य पुरे. आमच्या गावात कामाला येणाऱ्या पण आमच्या गावात न राहणाऱ्या माणसांनाही हा निधी लागू राहील, हे दुसरे. न्यायालयात जायची वेळच येऊ नये म्हणून देणगीदाराने हयातीत लिहून ठेवायची ही दोन वाक्ये आहेत. वकिलाने त्याला ती सुचवली पाहिजेत. विश्वस्तांनी निधी स्वीकारण्याआधी ती मागितली पाहिजेत. सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनने १९७५ साली ती मागणी केली नाही, आणि त्याची किंमत फाउंडेशनपेक्षा रिचमंड आणि ओकलंडने जास्त मोजली.

बक निधीचे उत्पन्न आजही मरिनमध्येच वाटले जाते. मरिन कम्युनिटी फाउंडेशनकडे त्याशिवाय इतर देणगीदारांचेही निधी आहेत. यांतले बरेचजण हयात आहेत, मरिनमध्ये राहतात आणि आपला पैसा कुठे जावा हे स्वतः सांगतात. त्यांच्या निधीतून त्याच कार्यालयातून धनादेश निघतात. ते ओकलंडला जातात, इतर राज्यांत जातात, अमेरिकेबाहेरही जातात.